दाढेतला किडा

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, तेव्हा आई त्यात किडा शोधत होती. आमच्या गावात दाढ दुखली की रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा पाडतात, नाहीतर सरळ दाढ उपटतात. 'रूट कॅनाल' ऐकून आई उठलीच. "दाढच काढून टाका म्हणावं त्यांना," ती मला म्हणाली.

"आई, किडा नसतो गं. दाढ कुजलीय, ती कूज आतल्या नसेपर्यंत गेलीय. आतलं साफ करून भरतील, वर टोपी बसवतील. दाढ तुझीच राहील."

घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शिक्षण म्हणजे मोठं बोलता येणं, असं मला वाटायचं. खरं तर डॉक्टरांचं बोलणं आईच्या बोलीत आणता येणं, हेही शिक्षणच.

आई डॉक्टरांकडे वळली. "लेक म्हणतीय तसं करा," म्हणाली आणि खुर्चीत मागं रेलून तिनं तोंड उघडलं.