पाच-वीसची गाडी आणि पाटलाची मिशी

पुण्यात शिकलेल्या लोकांना मी नेहमी विचारते, तुमच्या कॉलेजात जाती कोणत्या होत्या? ते दचकतात. आमच्या जुन्नरच्या कॉलेजात होत्या, आणि त्या मी अभिमानानं सांगते. ओतूरची गाडी, आळेफाट्याची गाडी, घोडेगावची गाडी आणि आमची, डोंगराकडची, पाच-वीसची. कोण आर्ट्सचा, कोण कॉमर्सचा हे नंतर. आधी कुठल्या गाडीचा ते सांगा. मैत्री गाडीत व्हायची, भांडणं गाडीत व्हायची, वह्यांची देवाणघेवाण गाडीत आणि वहीत घडी घालून ठेवलेल्या चिठ्ठ्यांचीही गाडीतच. आळेफाट्याची पोरं स्वतःला हायवेवरची म्हणून शहाणी समजायची. त्यांना तासाला तीन गाड्या. आम्हाला संध्याकाळी एकच. पण आमच्या एका गाडीत जी मैफल जमायची ती त्यांच्या तीन गाड्यांत मिळून जमली नसेल, हे मी आजही कुणाशीही भांडून सिद्ध करायला तयार आहे.

या गाडीचा एक कायदा होता. एस.टी. महामंडळाच्या पुस्तकात तो सापडणार नाही. आमचा कंडक्टर, ज्याला सगळा पट्टा मास्तर म्हणायचा, कॉलेजच्या मुली मोजल्याशिवाय डबल बेल मारायचा नाही. पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत बोट नाचवत जायचा. आमच्या वर्षी आम्ही अकरा जणी होतो. अकरा भरल्या की "चला!" आणि टण टण. मुलगे मोजायचा नाही. म्हणायचा, "पोरगं ऱ्हायलं तर चालत यील. पोरगी ऱ्हायली तर तिचा बाप माझ्याकडं यील."

माझा बाप तर नक्कीच आला असता. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. बारावीनंतर मला कॉलेजात घालायला ते तयार झाले, तेव्हा आमच्या वाडीतल्या एकाही मुलीनं कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. दादांनी दोन अटी घातल्या. पाच-वीसच्या गाडीनं घरी यायचं, आणि नाटकबिटकात पडायचं नाही.

"एक तक्रार आली ना, की दुसऱ्या दिशी जाऊन दाखला काढून आणीन," ते म्हणाले. "मग माझ्याकडं रडायचं न्हाई."

दादा बोलले की तसं करायचे. आमच्या घरी एकदा ते रेडिओ बंद करीन म्हणाले होते. तो तीन वर्षं बंद होता.

आता मला सांगा, जिच्या घशात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे तिनं काय करायचं? पहिलं वर्ष मी कसंबसं काढलं. दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात एकांकिकांची स्पर्धा लागली. मुलांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या. एका नाटकात मुलामुलींनी मिळून काम करायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. त्यामुळे मुलांच्या नाटकात बाई नाही आणि मुलींच्या नाटकात पुरुष नाही. मुलांनी बाईशिवाय चालणारी, लढाईची नाटकं शोधली. आम्ही मिशा शोधल्या.

नाटक आम्हीच लिहिलं. गावात पहिला टेलिफोन येतो तो पाटलाच्या घरी, आणि पाटलाला वाटतं की पुणं लांब आहे म्हणजे तेवढ्या जोरात ओरडलं पाहिजे. पाटील मी. रिकाम्या तासाला लायब्ररीच्या मागं तालमी केल्या. धोतर, कोट, फेटा आणि मिशी नारायणगावहून भाड्यानं आली. तिथं तमाशाच्या फडांना सामान देणारे लोक आहेत, त्यामुळे मिशी साधी नव्हती. दोन्ही बाजूंना वर वळलेली, बघणाऱ्यानं रस्ता सोडावा अशी. सगळा हिशेब नीट होता. आमची एकांकिका दुपारी तीनला, चारपर्यंत मी पुन्हा पंजाबी ड्रेसमध्ये, पाच-वीसला गाडीत. दादांना कळणार नाही आणि जगबुडी होणार नाही.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. आले ते आले आणि बोलायला उभे राहिले. युवकांनी वेळेचं महत्त्व ओळखावं, या विषयावर ते तासभर बोलले.

आमचा पडदा पावणेपाचला वर गेला. मी नाटक भराभर पळवायला हवं होतं. पण पहिल्या वाक्याला आळेफाट्याची पोरं हसली आणि माझं भान हरपलं. तुम्ही कधी हजारभर माणसांना हसवलंय का? नसेल, तर तुम्हाला कळणार नाही. वीस मिनिटांचं नाटक मी पंचवीस मिनिटं केलं. पडदा पडला तेव्हा घड्याळात पाच-दहा. कपडे बदलायला वेळ नव्हता, आणि कपड्यांची पिशवी घेऊन माझी मैत्रीण जागा धरायला आधीच स्टँडवर गेली होती. मिशी ओढून पाहिली. नारायणगावचा डिंक. ओठ निघाला असता, मिशी निघाली नसती.

मी पळाले. भर बाजारातून, धोतराचा सोगा एका हातात धरून, फेटा दुसऱ्या हातानं दाबून. सलूनवाल्यानं वस्तरा हवेत धरून हाक मारली, "ओ पाटील, सावकाश! धोतर सुटंल!" एका म्हातारबाबांनी खरोखर राम राम घातला. मीही घातला. तेवढी रीत मला होती.

गाडी उभी होती. मी आत शिरले आणि मैत्रिणीनं धरलेल्या जागेवर धपकन बसले. मागून आवाज आला.

"ओ पावणं! बायकांची शीट हाय ती. उठा."

मास्तर! मी तोंड उघडणार, एवढ्यात समोर लक्ष गेलं आणि तोंड मिटलं. पलीकडच्या बाकावर आमचे तात्या बसले होते. तात्या म्हणजे दादांचे चुलतभाऊ. तलाठ्याकडे काम होतं म्हणून तालुक्याला आलेले. आमच्या वाडीतली कोणतीही बातमी पिकायच्या आधी तात्यांच्या हातात पडायची. ते बाजूला सरकले आणि प्रेमानं म्हणाले, "या पाटील, हितं बसा. कंचं गाव म्हणायचं?"

मी खोकले. खोकत त्यांच्याशेजारी जाऊन बसले. दुसरं काय करणार?

मास्तरांनी बोट नाचवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... दहा. पुन्हा पहिल्यापासून. दहाच.

"एक पोरगी कमी हाय," मास्तर म्हणाले आणि दोरी सोडून खाली उतरले.

आमची गाडी सुटेना. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं स्टँडच्या लाउडस्पीकरमधून माझं नाव आलं. माझं, दादांचं आणि गावाचं. "जिथं असेल तिथून ताबडतोब आपल्या गाडीपाशी यावे." आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव सगळ्या जुन्नरात वाजत होतं आणि मी मिशीखाली ओठ चावत बसले होते.

"ऐकलंत का पाटील?" तात्या माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले. "आमच्याच भावकीतली हाय ही. म्हणलं व्हतं मी दादाला, पोरीला कालिजात घालू नगं. आज घरी गेल्या गेल्या सांगतो. गाडी अर्धा घंटा खोळंबली आन ही कुठं तर ठावं न्हाई."

समोरून मैत्रीण डोळे मोठे करून मला खुणावत होती. बोल. नको बोलू. बोल. तिलाही कळत नव्हतं. बोलले तर नाटक कळणार. गप्प राहिले तर त्याहून वाईट काहीतरी कळणार, जे मी केलंच नव्हतं. दोन्हीकडून दाखला. पण मग मला मास्तर दिसले. खिडकीतून. खाकी टोपी काढून, घाम पुसत, रसवंतीत, स्टॉलमागं, मुताऱ्यांच्या बाजूला, सगळीकडे मला शोधत होते. पन्नाशीचा माणूस. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू त्यांचीच मुलगी हरवलीय.

ते पुन्हा गाडीत चढले आणि म्हणाले, "मी कालिजात जाऊन बघून येतो."

मी उभी राहिले. आणि का कुणास ठाऊक, माझा आवाज निघालाच नाही. पाटलाचा निघाला.

"मास्तर! मारा डबल बेल! अकरावी हितं हाय!"

कोंबडी घेऊन बसलेल्या एका आजीबाई सगळ्यात आधी हसल्या. मग मागची पोरं बाकं बडवायला लागली. मास्तर जवळ आले, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं.

"काढ ती मिशी."

"निघत न्हाई, मास्तर."

"घरचे वळखतील का तुला?"

"त्याचंच तर भ्या वाटतंय."

मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं, मोठ्यानं "अकरा!" म्हणाले, आणि टण टण.

गाडी हलली तसे तात्या खिडकीला चिकटले. माझ्याकडं बघेनात. मागून मागणी सुरू झाली. आमच्या गाडीच्या पोरांनी गाडी चुकेल म्हणून नाटक अर्धंच पाहिलं होतं. "फोन करा, पाटील! फोन!" आजीबाई म्हणाल्या, "कर की गं. न्हाईतरी आता लपवायचं काय ऱ्हायलंय?" पटलं मला ते. दाखला निघणारच आहे तर रडत का निघू द्यायचा? मी उभी राहिले, एका हातानं वरचा दांडा धरला, दुसऱ्या हातात चप्पल घेतली, चपलेचा फोन केला आणि पुण्याला ओरडले. वळणावळणाला पाटील या बाकावरून त्या बाकावर पडत होता. स्टेजवर जमलं नाही ते त्या खडखडत्या गाडीत जमलं. ड्रायव्हरसुद्धा आरशातून बघत होता, त्याला मास्तरांनी दोनदा रस्त्यावर ध्यान ठेवायला सांगितलं.

फक्त तात्या हसले नाहीत. मी फोन ठेवून पाटलासारखी बाकावर बसले, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"असा बसत न्हाई पाटील."

"मग कसा, तात्या?"

"आरं, पाटील हाय का कारकून? गुडघा वर घे. हात त्यावर टाक. आन घाई करू नगं. पाटलाला कसली घाई?" त्यांनी स्वतः बसून दाखवलं. "हां. आता कर फोन परत."

मी परत केला. आता तात्या हसले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

आमच्या वाडीच्या फाट्यावर दादा उभे होते. गाडीला एवढा उशीर झालेला पाहून ते वाडीतून चालत आले होते. आधी तात्या उतरले, मागून पाटील. दादांनी पाटलाकडं पाहिलं, पाटलाच्या मागं गाडीच्या दाराकडं पाहिलं, पुन्हा पाटलाकडं. मग माझ्या पायातल्या चपला त्यांनी ओळखल्या.

"नाटकात व्हती तुझी पोरगी," तात्या म्हणाले.

"दिसतंय."

"लई भारी केलं, दादा. आख्खी गाडी हसून लोळली, मी बी हसलो. बसण्यात जरा कमी पडली, पण मी सांगितलंय तिला."

दादा वळले आणि पुढं चालू लागले. मी मागून, धोतर सावरत. घरी आईनं खोबरेल तेल चोळचोळून मिशी काढली. दादा जेवले, निजले. सकाळी उठले, दाढी केली, लग्नाकार्याचा सदरा घातला आणि म्हणाले, "चल. मी बी येतोय."

मी समजले. आई चुलीपुढून उठली नाही, तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं. सकाळच्या गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. दादांच्या सदऱ्याकडं बघून सगळ्यांना कळलं होतं, हा माणूस दाखला काढायला चाललाय. पहिल्या वर्षापासूनच्या माझ्या सगळ्या वह्या मी उगाचच बरोबर घेतल्या होत्या.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये दादा पहिल्यांदाच जात होते. दारात चपला काढल्या. प्राचार्यांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. "पोरीचा दाखला..." त्यांनी सुरुवात केली. पण प्राचार्यांनी मला पाहिलं आणि ते उठूनच उभे राहिले.

"अरे, काल कुठं गेलीस तू? तुझं नाव तीनदा पुकारलं!" कपाटावरून त्यांनी हातभर उंचीचा, खाली लाकूड आणि वर पितळ असलेला कप काढला आणि माझ्याऐवजी दादांच्या हातात दिला. "अभिनंदन. तुमच्या मुलीला अभिनयाचं पारितोषिक आहे. मुलंमुली मिळून सगळ्यांत दुसरं."

दादांनी कप दोन्ही हातांनी धरला. फिरवून पाहिला. पितळेवर कोरलेली अक्षरं सावकाश, ओठ हलवत वाचली. मग खुर्ची ओढली आणि बसले. गुडघा थोडा वर, हात त्यावर. तात्यांनी दाखवलं तसंच, फक्त यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"दुसरं?" ते म्हणाले.

"हो. दुसरं."

"सायेब, काल एका गाडीतली माणसं हिनं हसवून लोळवली. आमचा चुलतभाऊ कधी हसत न्हाई, तो हसला. दुसरं कसं काय?"

"परीक्षकांचा निर्णय असतो हो तो."

"आसंल," दादा म्हणाले आणि कप टेबलावर, प्राचार्यांच्या बरोबर समोर ठेवला. "दाखल्याचं ऱ्हाऊ द्या आता. आधी मला हे सांगा, पहिला नंबर कुणाला दिला, आन त्यानं असं काय केलं?"