पाण्यात उभा राहिलेला देव

राणीसावरगावच्या बिरूला निवांत बसलेलं कुणी पाहिलं न्हाई. जेवतानाही गडी गुडघा हलवायचा. मेंढरं चरत्यात तोवर हा चार वेळा बांध बदलायचा. पण ओवीला उभा राहिला, की हात कानावर, डोळे मिटलेले, अन् अंग खांबावानी. बिरोबाची ओवी एकदा उचलली की देवाला ठाण्यावर नेऊन बसवल्याबिगर सोडायची न्हाई, ही धनगरांची रीत. ऐकणारे उठून गेले तरी म्हणणाऱ्यानं थांबायचं न्हाई.

ढोलावर त्याचा जोडीदार दत्तराव. त्याला बँजोचा नाद लागला. ओवीत बँजो घालू म्हणला, तर बिरू उखडला, "देवाची काय वरात काढायलास?" तेवढ्यावर जोडी फुटली. दत्तराव पाथरीला बँडात गेला. ढोल बिरूच्या घरी आढ्याला टांगलेला राहिला.

मधी कैक वर्सं गेली. गावोगाव टेपरेकॉर्डर आले. एका जत्रंत बिरू एकटाच ओवीला उभा राहिला अन् अर्धी माणसं पलीकडं टेप वाजवणाऱ्या भोंग्याकडं सरकली. ओवी त्यानं रीतीनं संपवली, पण माणसं उठून गेली ते त्याला लय झोंबलं. तसाच जीप धरून पाथरीला गेला.

"आण तुझं ते तुणतुणं," दत्तरावाला म्हणला.

"बँजो म्हनत्यात त्याला."

"काय बी म्हन. कॅसेट काढू. मला पुन्यांदा उभं राहायचंय."

ढोल, बँजो अन् दर्ग्यातल्या कव्वालाची पेटी, असा मेळ जमला. परभणीत एका दुकानामागं, भिंतींना गोधड्या लावलेल्या खोलीत ओवी भरली. कॅसेटवाला हात हलवून सांगायला होता, टेपची बाजू संपत आली. बिरूचे डोळे मिटलेले. त्यानं देवाला ठाण्यावर नेलं, भंडारा उधळला अन् मोकळा झाला.

कॅसेट पहिल्यांदा ऐकली ती गंगाखेडच्या स्टँडवर, हाटेलात. काय वाजत होती! पोरं बाकडी बडवायली होती. बिरोबा मेंढरं घेऊन गंगंत उतरला, पाणी कमरंला लागलं, अन् खट्! टेप संपली.

बिरूचा चहा तसाच राहिला. "अरे, देव पाण्यात उभा हाय!"

परभणीला पळाला. कॅसेटवाला म्हणला, "मामा, माल गेला गावोगाव. आता काय माघारी बोलवू?"

त्या दिवसापसून बिरूचं बूड टेकंना. जिथं कॅसेट वाजते म्हणून कळलं, तिथं हा हजर, टेप संपली की उरलेली ओवी म्हणून देवाला पाण्यातून काढायला. त्याची बायको बानूबाई मेंढरामागं एकटी राबून वैतागली.

"कॅसेट हाय ती, देव्हारा न्हाई. बसा की जरा!"

"चुडाव्याच्या टेसनावर वाजायलीय म्हनं. तिथं देवाला कोन काढणार, तुझा भाऊ?"

"मग जावा. घोंगडं तरी न्या."

शेवटी पाथरीचा स्टँड. खट् झालं तसा बिरू उठला, हात कानावर ठेवला अन् पुढची ओवी उचलली. बँडाच्या दुकानातून दत्तराव बँजो घेऊन पळत आला. माणसं जीप सोडून उभी राहिली. कुणी भोंग्याकडं सरकलं न्हाई. देव ठाण्यावर बसला. घाम पुसून बिरूही बाकड्यावर टेकला, पहिल्यांदाच पाय पसरून.

गर्दी बघून हाटेलवाल्यानं कॅसेट मागं फिरवली अन् परत लावली.

"बस की आता," दत्तराव हसायला लागला.

बिरू उठून उभा राहिलेला. "कसा बसू? पुन्यांदा उतरायलाय त्यो पाण्यात."