म्हशीच्या ओळखीचा शर्ट

आमची म्हैस माणसाला तोंडावरून ओळखत नाही, शर्टावरून ओळखते. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी ती बायकोला सांगितली नाही. इतकंच लिहायचं होतं खरं तर. पण एवढ्यावर कुणाला काही समजणार नाही, म्हणून मागचं थोडं सांगतो.

कंपनीने आमचं खातं बंद करून मला घरी बसवलं तेव्हा आम्ही नगरला सावेडीत राहत होतो. मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती. बायको घरी ब्लाऊज शिवायची, स्कूटरवर हिंडायची, जिना चढता-उतरता तिला चार जणी भेटायच्या. मी दिवसभर मोबाईलवर शेतावर राहायला गेलेल्या लोकांचे व्हिडिओ बघत बसायचो. कोंबड्या, परसातली वांगी, चुलीवरची भाकरी. त्यात शेण काढताना कुणी दिसत नाही. वडिलांच्या वाटणीचा तुकडा मिरजगावच्या अलीकडे पडून होताच. मी फ्लॅट विकायचं काढलं. बायको म्हणाली, "भाड्याने द्या. नाही जमलं तर परत यायला दार राहील." मी म्हटलं, दार ठेवलं की माणूस मनापासून राहत नाही. हे वाक्यसुद्धा व्हिडिओतलंच होतं. तिने सही केली.

दोन खोल्या, वर पत्रा, पुढे गोठा, कडेला शेवगा. बोअरला पाणी होतं, पण वीज येईल तेव्हा. कोंबड्या मुंगसाने नेल्या, वांगी अळीने. राहिली ती म्हैस. विकणाऱ्याने दावं हातात देताना सांगितलं होतं, "दोघांनी आलटून पालटून धार काढा. एकाच हाताला लागली तर अडकून पडाल." आम्ही मान हलवली. पहिल्या दिवशी मी बसलो, तिने लाथ मारली, बादली एकीकडे आणि मी एकीकडे. दुसऱ्या दिवशी बायको बसली. कपडे खराब होऊ नयेत म्हणून तिने गाऊनवर माझा कंपनीतला जुना निळा शर्ट चढवला होता, बाया शेतात जाताना घालतात तसा. म्हशीने तिला पान्हा सोडला. मी म्हटलं, "तुझ्या हाताला यश आहे." कौतुक म्हणून नाही बोललो. माझी सुटका झाली म्हणून बोललो.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तीच. शिलाई मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. नगरला भाचीचा साखरपुडा होता, ती गेली नाही. "सावेडीला एक चक्कर मारून येते," असं म्हणायची आणि उन्हाकडे बघून म्हणायची, "धारेला वेळ होईल." शेजारच्या वस्तीवरच्या मावशी कुंपणाशी उभ्या राहून हसायच्या. मला त्या पाव्हणं म्हणतात. इथे घर बांधून राहिलो तरी पाव्हणंच. "पाव्हणं, म्हैस तुमी घेतली का म्हशीनं तुमची बायको घेतली?"

मग मुलीने फोनवर गोड बातमी दिली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण माहेर कुठे राहिलं होतं? सावेडीत असतो तर दवाखाना कोपऱ्यावर होता. इथून दवाखान्यात पोचायचं तर आधी जीप मिळायला हवी. जावई म्हणाले, इथेच पुण्यात करू. म्हणजे आईनेच तिकडे जायचं. बायकोने लगेच हिशोब मांडला: डोहाळजेवणाला दोन दिवस, आणि शेवटी बाळंतपणाला सव्वा महिना. "तोवर तुम्ही शिका धार काढायला," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मी तिला फोनवर बोलताना ऐकलं. सावेडीच्या मैत्रिणीला सांगत होती, "अगं, एकदा इथून बाहेर पडले ना, की त्या म्हशीला परत तोंड नाही दाखवायची." आणि मोठ्याने हसली. गंमतच केली असेल. पण मी वैरण टाकता टाकता थांबलो. ती गेली तर या पत्र्याखाली मी आणि ती म्हैस. संध्याकाळी इथे इतकं सामसूम होतं की आपणच भांडं पाडून आवाज करावासा वाटतो.

पुढे बायकोला ताप आला. गोळी घेऊन झोपली होती. मी गोठ्यात गेलो आणि खुंटीवरचा निळा शर्ट सहज अंगात घातला, थंडी होती म्हणून. म्हशीने मान वळवली, बाही हुंगली आणि पुन्हा पेंडीच्या आंबोणात तोंड घातलं. मी बसलो. सडाला हात लावला, आणि तिने पान्हा सोडला. धार वेडीवाकडी पडत होती, पण पडत होती. बादलीत दूध चढत गेलं तसा मला घाम फुटला. आनंदाचा नव्हे. आता बायकोला जाता येईल, हा पहिला विचार आला.

ती बादली मी शेवग्याच्या बुंध्यात ओतली. वरून माती सारली. आत जाऊन सांगितलं, "नाही सोडला पान्हा. रेडकालाच पिऊ दिलं." ती तापात पुटपुटली, "माझंच चुकलं. तुम्हाला आधीच बसवायला हवं होतं."

माणूस खोटं बोलतो ते एकदाच बोलत नाही. बरी झाल्यावर तिने मला रोज शेजारी बसवून शिकवलं. शर्ट तिच्या अंगात असायचा, आणि मी मुद्दाम सड चिमटीत आवळायचो. म्हैस लाथ उगारायची. बायको माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "येईल, येईल." डोहाळजेवण झालं. आम्ही ते मोबाईलवर पाहिलं. मुलगी हिरव्या साडीत झोपाळ्यावर बसली होती, ओटी सासूने भरली. बायकोने स्क्रीनला पदर लागू नये इतक्या जपून मोबाईल धरला होता.

मग मावशीच पुढे आल्या. "मी काढते की धार. पोरी, तुजं रोजचं कापड दे फकस्त. जनावर वासाला भुलतं." म्हणजे जे मला वाटत होतं की फक्त मला कळलंय, ते साऱ्या शिवाराला ठाऊक होतं. त्यांचं हे बोलणं कुंपणाशी चाललं होतं, मी ते गोठ्यातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी तो शर्ट साबणाच्या पाण्यात बुडवला.

बायको खुंटीपाशी गेली, मग मोरीत. "अहो, शर्ट धुवायला टाकलात? जन्मात कधी स्वतःचा बनियन धुतला नाही, आजच बरी आठवण झाली!"

"वास मारत होता," मी म्हणालो.

"मंग वासच तर पायजे हुता, पाव्हणं," मावशी म्हणाल्या. त्यांनी बायकोची ओढणी गुंडाळून पाहिली. म्हशीने त्यांना उभंच राहू दिलं नाही, आणि तो विषय तिथेच राहिला.

बायकोने म्हैस विकायचंही काढलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दिवस भरत आले. एका दुपारी मुलीचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर होता. "आई, राहू दे गं. सासूबाई आहेत ना. तू नको ओढाताण करून घेऊ." बायको म्हणाली, "बरं." फोन ठेवला आणि विळा घेऊन घास कापायला निघून गेली. तिचं रडणं मला चाललं असतं बहुतेक. तिने 'बरं' म्हटलं, ते मात्र सोसवेना.

दुसऱ्या दिवशी ती आंबोण कालवत होती, तेव्हा मी शर्ट घातला. तिचा वास त्यात पुन्हा भरला होता. तिच्या हातातून बादली घेतली, बसलो आणि धार काढली. बऱ्यापैकी काढली. मागे वळून बघायचं धाडस नव्हतं, म्हणून शेवटचा थेंब येईपर्यंत बसून राहिलो.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तुला ताप आला होता तेव्हापासून."

"आणि ते दूध?"

"शेवग्याला घातलं."

तिने आंबोणाचे हात धुतले. मग म्हणाली, "पोरीचं डोहाळजेवण झालं. शेवग्याचंही केलंत." एवढंच. यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी तिने पिशवी भरली. डिंकाचे लाडू, जुन्या मऊ साड्या, आणि शिलाई मशीनचं डोकं स्टँडवरून सोडवून घेतलं. "झबली शिवायला," ती म्हणाली. झबल्यांना मशीन लागतं का, हे मी विचारलं नाही. फाट्यापर्यंत जीपमध्ये ते मीच मांडीवर धरलं होतं. चांगलंच जड असतं. एसटी आली, कंडक्टरने घाई केली, मी ते तिच्या पायाशी ठेवलं आणि उतरलो. खिडकीतून ती म्हणाली, "शर्ट धुवू नका."

नात झाली. फोटो आला, मूठ गालावर दाबलेली. मी रोज तोच शर्ट घालून धार काढतो. आता त्याला तिचा वास उरलेला नाही. म्हशीचा आणि माझा आहे. म्हैस माझ्या हाताला लागली. आता मीच उन्हाकडे बघून म्हणतो, धारेला वेळ होईल.

परवा बायकोचा फोन आला. "बारशाला येणार ना?"

"म्हशीचं कोण बघणार?"

"मावशींना शर्ट द्या," ती म्हणाली. "आणि धुवून देऊ नका." परत कधी येणार, ते ती बोलली नाही. विचारायचा हक्क मला राहिला आहे असं वाटत नाही.

आज संध्याकाळी मी शर्ट मावशींच्या हातात दिला. त्यांनी तो लुगड्यावर चढवला, बाह्या दुमडल्या. "आता तुमी नजरेआड व्हा, पाव्हणं. तुमी दिसलात तर ही दूध चोरंल." मी शेवग्यामागे जाऊन उभा राहिलो. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग बादलीच्या बुडावर धार वाजली, एक, मग दुसरी. मी सुटलो होतो. पण हायसं वाटलं नाही. पुण्याला न जायला माझ्याकडे एवढं एकच कारण होतं.