तळाचं पान

आमच्या कुंभकोणमच्या कचेरीत दाखल्यांच्या नकला लिहिणारे एक कारकून होते. दिवसाची कामं ते विड्याच्या पानांवर मांडत. एका कामाला एक पान, त्यावर नखाने नाव कोरलेलं. काम झालं की त्याच पानाला चुना लावून ते तोंडात टाकत. चवडीत कोणतं पान वर ठेवायचं, हे ते समोरच्या माणसालाच विचारत. आम्हां तंजावरी मराठी माणसांना घरच्या जुन्या बोलीत विचारत, "उद्यां दिल्हें तर काय बिघडेल?" त्या शांत सुरापुढे थाप मारायची माझी कधी छाती झाली नाही.

एकदा मी म्हटलं, "अण्णा, जन्माचा दाखला उद्यां सकाळी तंजावरात दाखविला नाही तर माझी मास्तरकी गेली."

"सरी," असा तमिळीत होकार देत त्यांनी माझं पान सगळ्यांच्या वर ठेवलं. दोन वाजता नक्कल हातात आली. ओळी जराशा उतरत्या होत्या, पण तेवढ्या कागदावर मी जन्मभराचा मास्तर झालो.

आभार मानायला गेलो तेव्हा चवडीच्या तळाशी एक पार पिवळं पडलेलं पान दिसलं.

"हें कुणाचें?"

"माझें. डोळ्यांच्या डॉक्टराकडे जायचें आहे."

मला त्या उतरत्या ओळी आठवल्या. मी ते पान उचलून सगळ्यांच्या वर ठेवलं. त्यांनी ते अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, हसले, परत तळाशी सारलं आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या आमच्या गल्लीतल्या काकूंना विचारलं, "उद्यां दिल्हें तर काय बिघडेल?"