येतो म्हणणारं भूत

बहिरूअण्णा उगले यांनी उभ्या आयुष्यात एकच माणूस मारला होता, आणि त्याचंही श्रेय त्यांना मिळालं नव्हतं.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. सिन्नरजवळच्या एका डाकबंगल्यात ‘पिंपळावरचा पाहुणा’ नावाच्या भुताच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. भुताच्या कामाला मुंबईहून एक पैलवान आणला होता. दोन दिवस रबरी मुखवटा घालून त्याच्या तोंडावर पुरळ उठलं, आणि तिसऱ्या दिवशी भूत एस.टी. धरून घरी गेलं. बघ्यांच्या गर्दीत सगळ्यांत उंच डोकं बावीस वर्षांच्या बहिरूचं. दिग्दर्शकानं बोट केलं, मुखवटा चढला, आणि जमीनदाराचा गळा दाबण्यापासून पुढचं सगळं भूत बहिरूनंच केलं. जाताना दिग्दर्शकानं चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. मुंबईला ये म्हणाला, तुझ्या उंचीला भुतांची कमी पडणार नाही.

सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर नाव मात्र पैलवानाचं आलं.

तोवर बहिरूचं लग्न झालं होतं. नव्या नवरीला घेऊन तो सिन्नरच्या थेटरात गेला आणि भूत पडद्यावर येताच तिला कोपरानं ढोसून म्हणाला, “तो मी.” लंकाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. केस कमरेपर्यंत, दात हनुवटीपर्यंत. मग नवऱ्याकडे पाहिलं. “थापाड्या नवरा चालंल मला,” त्या म्हणाल्या, “भूत नाय चालायचं.” खटला तिथंच निकालात निघाला. जिला आपलं मानायचं तीच मानत नाही, तर मुंबईत कोण मानणार, म्हणून बहिरूनं चिठ्ठी पेटीत टाकली आणि ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून चिकटला.

बाकीच्यांनी मग काय, लंकाबाईंचीच री ओढली. कारखान्यात अण्णांना ‘भूत’ म्हणत, पण ते भुतावर विश्वास ठेवून नव्हे. निवृत्तीच्या समारंभात साहेब सरळ मनानं “आपले भूतपूर्व सहकारी” एवढंच म्हणाले, आणि अख्खा हॉल खदखदला. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण असा काय विनोद केला. अण्णा त्या दिवशी नारळ, शाल आणि एक शपथ घेऊन घरी आले. हा विषय परत काढायचा नाही. पण मनातून तो काही जात नव्हता. मरायच्या आधी एका तरी माणसानं म्हणावं, हो, ते भूत तुम्हीच. आणि ते माणूस लंकाबाई असावं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. माणसं काशीयात्रा मागतात, अण्णांनी एवढंच मागितलं, तर देवाचं काय बिघडत होतं?

शपथ मोडायचं निमित्त शेजारून आलं. इंदिरानगरात त्यांच्या भिंतीला भिंत लावून यज्ञेश्वर गुरुजी राहतात. त्यांची मुलगी वल्लरी सिनेमाचं शिक्षण घेऊन आली आणि आल्या आल्या तिनं खुनांचा सिनेमा काढायला घेतला. साधे खून नव्हेत, हसत हसत करायचे खून. एका मुखवटेवाल्यानं द्राक्षछाटणीच्या कात्रीनं एकेकाला गाठायचं, आणि बघणाऱ्यानं किंचाळता किंचाळता खुर्चीवरून पडेपर्यंत हसायचं. नाव ‘पाहुणा परत आला’.

“जुन्या भुताच्या सिनेमांना मुजरा आहे, काकू,” वल्लरीनं समजावलं.

“मुजरा करायचा तर करा की,” लंकाबाई म्हणाल्या. “त्याला मुडदे कशाला पाडायला पायजेत?”

मुडदे पाडायला वल्लरीला घर हवं होतं. गुरुजींनी स्वतःचं द्यायला साफ नकार दिला होता. ते म्हणाले, मी दिवसभर रामकुंडावर लोकांचे पितर मार्गी लावतो, घरी आल्यावर मला नवे नकोत. तेव्हा शेजारधर्म म्हणून लंकाबाईंनी आपली बैठकीची खोली दिली. अटी तीन. स्वयंपाकघरात खून करायचा नाही, सोफ्यावर रक्त सांडायचं नाही, आणि मेलेल्यांनी जेवून जायचं.

शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी वल्लरी जागा बघायला आली आणि तिनं अण्णांना मोबाइलवर एक तुकडा दाखवला. “अण्णा, हे बघा. या एका शॉटसाठी मी सिनेमात आले.”

अण्णांनी चष्मा लावला आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. डाकबंगला. जमीनदार मरून पडलेला. भूत दाराकडे जातं, उंबऱ्याशी थांबतं, अर्धवट वळतं, मान डावीकडे कलवतं, उजवा हात छातीपर्यंत उचलतं, आणि निघून जातं. वर एक भयंकर गुरगुर.

“हे वळून बघणं!” वल्लरी म्हणाली. “यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. कोण म्हणतं त्याला पश्चात्ताप होतोय. कोण म्हणतं तो उरलेली माणसं मोजतोय. मला वाटतं, त्याला स्वतःचं मरण आठवतंय.”

अण्णांना काय आठवत होतं ते अण्णांनाच ठाऊक. शपथ घशापर्यंत आली आणि तिथून सुटली. “वल्लरी, तो मी हाय.”

“वा, अण्णा!” वल्लरी म्हणाली. पोरगं ‘मी पायलट होणार’ म्हणतं तेव्हा आपण म्हणतो ना, त्या सुरात. “पण टायटलमध्ये त्या पैलवानांचं नाव आहे हो.”

“झालं यांचं सुरू,” आतून लंकाबाईंचा आवाज आला, आणि कुकरची शिट्टी झाली. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी नऊला त्यांच्या बैठकीत रात्र झाली. सोसायटीनं परवानगी दिवसाचीच दिली होती, म्हणून खिडक्यांना काळं कापड लावलं, आणि कापड पुरेना तेव्हा लंकाबाईंच्या दोन गोधड्या. वल्लरीची मैत्रीण स्नेहल मरणार होती. जुन्या सिनेमातल्या बायांसारखी ती अंधारात चाचपडत आली आणि कापऱ्या आवाजात म्हणाली, “कोण आहे? कोण आहे तिकडे?”

“अगं, बटण डाव्या हाताला हाय!” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “लाव की आधी!”

“कट!” वल्लरी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला स्नेहल मागे मागे सरकत आतल्या खोलीकडे निघाली, तर लंकाबाई दारातच उभ्या. “तिकडं कुठं? भायेरचं दार उघडंच हाय ना, रस्त्यावर पळ!” जुन्या सिनेमांतल्या नायिकांना एवढं कुणी वेळीच सांगितलं असतं, तर सगळे सिनेमे दहा मिनिटांत संपले असते. वल्लरीनं हात जोडले. लंकाबाई बटाटे चिरायला गेल्या, पण पुटपुटत.

खुनी होता विश्वेश. एरवी तो कंप्युटरच्या कंपनीत बसतो. उंच म्हणून त्याला पकडलं होतं. खून त्यानं बरा केला. घोडं अडलं ते निघताना. ते सुप्रसिद्ध वळून बघणं त्याला जमेना. एकदा तो रिक्षा बोलावल्यासारखा वळला. एकदा कुलूप लावलं का हे आठवल्यासारखा. मुखवट्यातून दिसत नसल्यामुळे एकदा त्यानं कात्री शोकेसमधल्या गणपतीवर रोखली, तेव्हा बटाटे सोडून लंकाबाई परत आल्या. चौदाव्या खेपेला त्याचा अंगठा टीपॉयच्या पायावर आदळला आणि ‘आई गं!’ करून खुनी खाली बसला. मुखवटा काढला तर तोंडभर पुरळ.

अण्णा कोपऱ्यात वेताच्या मोड्यावर बसून सगळं बघत होते. पुरळ बघताच ते उठले. चाळीस वर्षांनी देव तीच एस.टी. परत दारात उभी करतो म्हणजे काय!

“मी घालू का?” त्यांनी विचारलं.

वल्लरीनं घड्याळ बघितलं, विश्वेशचा अंगठा बघितला, आणि मुखवटा पुढे केला.

आत तोच वास होता. रबराचा, घामाचा, आणि बाविसाव्या वर्षाचा. स्नेहल परत एकदा मेली. अण्णांनी कात्री खाली केली आणि दाराकडे निघाले. दार त्यांचंच होतं. याच दारातून ते वर्षानुवर्षं पहाटे डबा घेऊन ड्यूटीवर गेले होते. पाय उंबऱ्याशी आपोआप थांबले. अंग अर्धवट वळलं, मान डावीकडे कलली, उजवा हात छातीपर्यंत उचलला गेला, आणि मुखवट्याआडून खर्जातला, पण अगदी अदबीचा आवाज आला:

“येतो.”

आणि स्वयंपाकघरातून, वर न बघता, चाळीस वर्षांच्या सवयीनं:

“या! आन् येताना कोथिंबीर आणा!”

मेलेली स्नेहल फिस्सकन हसली. कॅमेरा धरणारा हसून हसून भिंतीला टेकला. हसली नाही ती फक्त वल्लरी. तिनं मोबाइल काढला, जुना तुकडा लावला, आणि तो कॅमेऱ्यातल्या आत्ताच्या चित्राशेजारी धरला. वळणं तेच, मान तीच, हात तोच. तुकडा तिनं तीनदा बघितला.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “तेव्हापण तुम्ही ‘येतो’ म्हणाला होतात?”

“मग काय म्हणणार?” अण्णांनी मुखवटा वर केला. “जातो म्हणू नये, असं आईनं शिकवलं. जातो म्हणायचं ते परत न येणाऱ्यानं.”

“पण तुम्ही जमीनदाराला मारलं होतंत!”

“मारलं म्हणून काय झालं? घर त्याचंच ना? न सांगता कसं निघायचं?” अण्णा म्हणाले. “माझा आवाज काढून त्यांनी मागनं गुरगुर भरली. मला लय वाईट वाटलं होतं.”

वल्लरी सोफ्यावर बसली. पश्चात्ताप, मोजणी, स्वतःचं मरण, लोकांनी लिहिलेली पानंच्या पानं. आणि निघालं काय, तर आईनं लावलेलं वळण. मग ती उठली आणि अण्णांच्या पाया पडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “तुम्हीच होतात,” ती म्हणाली. “तो पाहुणा तुम्हीच.”

अण्णांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. लंकाबाई दारात उभ्या होत्या, विळी तशीच आत मांडलेली. त्यांनी पदरानं हात पुसले आणि परत आत गेल्या.

दोन महिन्यांनी वल्लरीच्या जुन्या कॉलेजच्या हॉलमध्ये सकाळच्या खेळाला सिनेमा दाखवला. दर खुनानंतर पाहुणा उंबऱ्याशी थांबून “येतो” म्हणायचा. पहिल्यांदा पोरं दचकली, कारण भूत येतो म्हणतं याचा अर्थ एकच होतो. दुसऱ्यांदा हसली. तिसऱ्यांदा पाहुणा दारात थांबला तसा अख्खा हॉल एका सुरात ओरडला, “या!” त्यांत सगळ्यांत मोठा आवाज अण्णांच्या शेजारच्या खुर्चीतून आला. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: ‘मूळ भूत – बहिरू उगले’. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अण्णा उभे राहिले, आणि कुणाला नमस्कार करावा ते न कळून त्यांनी पडद्यालाच केला.

घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आधी विचारलं, “आता तरी पटलं?”

“पटायचं काय त्यात?” लंकाबाई म्हणाल्या. “मला तर थेटरातच कळलं होतं.”

“काय?”

“पंधरा दिवस झाले होते लग्नाला. रोज सकाळी तुम्ही तस्संच दारात थांबायचा, मान वाकडी करायचा, हात उचलायचा. पडद्यावरचं भूत वळलं आन् मी म्हणलं, हे तर आमचंच.”

अण्णांच्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षं! नातेवाईक हसले, कारखाना हसला, भूतपूर्व म्हणून शाल मिळाली, आणि ही बाई सगळं माहीत असून बटाटे चिरत बसली! “मग बोलली का नाहीस?”

लंकाबाईंनी हातातली पिशवी उगीच नीट केली. “तुमच्या खिशात ती चिठ्ठी होती,” त्या म्हणाल्या. “मुंबईची. मी हो म्हणले असते तर तुम्ही निघाला असता. येतो म्हणून गेला असता, आन् आला नसता.”

अण्णांचा राग होताच. तो असा एका वाक्यानं विझणारा नव्हता, आणि विझूही नये. एवढं ऐकल्यावर तरी माणसानं एकदा ताडकन ‘जातो’ म्हणून निघून जावं, म्हणून ते दाराकडे वळले. उंबऱ्याशी पोचले. ‘जा’ जिभेवर आलं, आणि तिथंच अडलं. मान मात्र डावीकडे कलली.

“येतो,” ते म्हणाले. “कोथिंबीर संपलीय.”

लंकाबाई या खेपेला आतून ओरडल्या नाहीत. दारापर्यंत आल्या.

“या,” त्या म्हणाल्या, आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.