पोचा आलेले डबे

त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि स्वारी त्या नावावर भलतीच खूश होती. ठासणीच्या जुन्या बंदुकांची सुटी दारू विकायचं त्याचं दुकान. पिस्तुलाला बारीक, लांब बंदुकीला भरड. गिऱ्हाईक दारात दिसलं की काय द्यायचं ते ह्याला ठाऊक. काळ्या दारूच्या डब्यांना त्यानं मुद्दाम पोचे पाडलेले, बारीकला एक, भरडला दोन. काडतुसांची नवी, बिनधुराची दारू मात्र गुळगुळीत डब्यात. ती चुकून ठासणीत गेली तर नळी फुटायची, आणि धरणाऱ्याचं काय होईल ते बोलायलाच नको. उस्ताद पोचा चाचपायचा आणि गप्पा मारता मारता मोजून द्यायचा. डब्याकडे बघणं म्हणजे कमीपणा! शेवटी एक चिमूट बोटांत चोळायची. काळी दारू बोटं काळी करते, नवी करत नाही.

अलीकडे साखरेच्या दुखण्यानं त्याची बोटं बधिर झाली होती. सुई टोचली तरी पत्ता नाही. पण सांगणार कुणाला? उस्तादाची बोटंच गेली तर उरलं काय! डब्यांच्या जागा पाठ होत्या, त्यावर निभावून नेत होता. मग एकदा फळी झाडायला काढली आणि डबे मागेपुढे लागले.

नेमके त्याच दिवशी धाकट्या बहिणीचे यजमान आले. त्यांची नेमबाजीची स्पर्धा होती.

"दादा, भरड द्या. जिंकलो तर जेवण तुमच्याकडे!"

"आधी जिंका तर दाजी, मग पोटाचं बघू!"

हसत हसत दारू त्यांच्या कमरेच्या, दारू ठेवायच्या शिंगात ओतली, चिमूट चोळली, दाजी गेले. मग चहाचा कप उचलताना त्याची नजर बोटांवर गेली. बोटं स्वच्छ होती.

कप तिथंच टाकून तो पळत सुटला. मैदानावर पोचला तेव्हा दाजी बार ठासून बंदूक गालाला लावत होते. हाक मारायला गेला तर धाप लागलेली, आवाज फुटेना. शेवटी सरळ नळीसमोर जाऊन उभा राहिला.

"अहो, वेड लागलंय का?" दाजी ओरडले.

"दारू चुकली, दाजी. बोटं मेलीत माझी. केव्हाच मेलीत, मी लपवलं."

दाजींनी बंदूक खाली ठेवली. हळूच म्हणाले, "जाऊ द्या. हिला काही सांगायचं नाही."

"नाही, मीच सांगणार. तुम्ही घरी परतला नसता तर तिला कोणत्या तोंडानं भेटलो असतो?"

धाकटीनं ऐकलं आणि त्याला असं फैलावर घेतलं की बिचाऱ्याला मान वर करवेना. मग रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता दुकानात आली, पदर खोचला, डबा उघडला आणि चिमूट चोळून बोटं त्याच्या नाकासमोर धरली.

"काळी आहे. नीट बघ, दादा."

उस्तादानं तिचा हात उजेडात धरून नीट बघितलं आणि मगच माप उचललं.