वर जाताना पाणी नको

कारखान्यात त्याला सगळे ‘वरचा’ म्हणायचे, कारण एकतीस वर्षं तो माणूस छताखालीच बसला होता. लोखंडी शिडीच्या बेचाळीस पायऱ्या चढल्या की क्रेनची काचेची खोली. तिथून तो वितळलेल्या लोखंडाचं भांडं उचलून असं अलगद नेई, की खालच्यांच्या डोक्यावरून विस्तव जातोय हे त्यांच्या गावीही नसे. लघवीला उतरायचं तर खालचं सगळं काम खोळंबायचं. म्हणून त्यानं पहिल्याच वर्षी नियम केला, वर जाताना पोटात पाणी नको. सकाळी चहा, तोही अर्धा कप. तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ असतात. ह्यानं तहानच बुजवून टाकली.

“अहो, उंटसुद्धा कधीतरी पितो,” बायको म्हणायची.

“उंटाला क्रेन चालवायची नसते.”

दोघंही हसायची. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण शहाणपण नेहमी मागच्या गाडीनं येतं.

मग एका सकाळी तिसाव्या पायरीवर त्याच्या छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. कारखान्यानं सांगितलं, हृदयाची तपासणी करा, दाखला आणा, तोवर शिडीला हात लावू नका. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत. नाहीतर क्रेनवर दुसरा बसेल.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. “मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या नळ्यांत रंग सोडायचा, म्हणजे कुठं तुंबलंय ते दिसतं. पण तो रंग बाहेर पडतो किडनीतून. तुमच्या किडनीचा आकडा आधीच थोडा वर आहे. अंग कोरडं असताना रंग गेला, तर किडनी बसू शकते. कधी उठते, कधी नाही. तुमच्या हृदयाला पाणी झेपेल, तेव्हा उद्या सकाळपर्यंत मी सांगते तेवढं प्यायचं. आणि दुखण्यावरच्या गोळ्या घेता का?”

“छे! डॉक्टरची पायरी तरी चढलोय का मी कधी?”

आता हे त्याच्या मते खोटं नव्हतं. पाठीसाठी तो रोज दोन-तीन गोळ्या खायचा, थुंकीबरोबर गिळायचा. पण त्या मुकादमाच्या पेटीतल्या. कारखान्यात हातमोजे मिळतात, साबण मिळतो, तशा गोळ्या मिळतात. त्याला कुणी औषध म्हणतं का?

बायको कामाला लागली. पाण्याचा जग भरायचा, ग्लास त्याच्या हातात द्यायचा, कागदावर एक रेघ ओढायची. संध्याकाळपर्यंत अकरा रेघा झाल्या. सिस्टर लघवीचं मापाचं भांडं उजेडात धरून उभी राहिली. तळाशी चहासारखं गडद, चार बोटं.

“मावशी, अकरा ग्लास आत गेले ना? मग बाहेर एवढंच कसं?”

बायकोनं कागदावरच्या रेघा पुन्हा मोजल्या. रंग जायच्या आधीच किडनी बसली की काय?

शेजारच्या खाटेवर एक काका होते. पाच महिन्यांपूर्वी त्यांना हृदयाचा झटका आला, तेव्हा विचारायला-तपासायला वेळच नव्हता. रंग घातला, जीव वाचला, किडनी गेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्रावर. दिवसाला पाणी मोजून दोन ग्लास. त्यांच्या काचेच्या ग्लासाला मधोमध चिकटपट्टी लावलेली, त्याच्यावर भरायचं नाही. दिवसभर ते शेजारच्या पाण्याच्या जगाकडे बघत होते.

वरचा संडासाकडे गेला, तशी त्यांनी हाक मारली. “ताई, इकडे या. तुमची पाठ वळली की तुमचा माणूस पाणी बेसिनला पाजतो. मी दुपारपासून मोजतोय. नऊ ग्लास.” त्यांनी कोरडे ओठ चाटले. “मला बघवत नाही हो.”

ती उठली आणि खुंटीवरच्या शर्टाचा खिसा चाचपला. दहा गोळ्यांची पट्टी, त्यातल्या सात गायब. काल तिनं शर्ट धुतला तेव्हा ही पट्टी खिशात नव्हती.

तो परत आला. पट्टी तिच्या मुठीत बघून खाटेवर टेकला.

“अगं, ही खाट पाठीला टोचते. आणि उद्या टेबलावर निजायचं, मध्येच लघवी लागली तर? आपलं काम अडायला नको.”

“अहो, तुम्ही क्रेनवर निघालाय का?”

“हळू बोल. सिस्टरला कळलं तर तारीख पुढे ढकलतील. सोमवार गेला की मी खालचा झालो. एकतीस वर्षं, कळतंय का? तुला माझी शपथ आहे.”

शपथ घालून तो कुशीवर वळला. ती पट्टी मुठीत घेऊन बसून राहिली. सांगावं तर नवऱ्याची शिडी जाते. न सांगावं तर उद्या ह्याच्याही ग्लासाला चिकटपट्टी. पलीकडे काकांनी आपला अर्धा ग्लास घेतला, एक घोट तोंडात धरून ठेवला आणि फार वेळानं गिळला.

सकाळी त्याला न्यायला ट्रॉली आली. चाकाची करकर ऐकून ती उठली आणि पट्टी सिस्टरच्या हातात दिली. “ह्या गोळ्या खाल्ल्यात. आणि पाणी प्यायलेच नाहीत.”

वरचा नुसता बघत राहिला. ट्रॉली रिकामी परत गेली. पुन्हा रक्त काढलं. आकडा आणखी वर गेलेला.

“आज रंग घातला असता तर...” डॉक्टरीणबाईंनी काकांच्या खाटेकडे पाहिलं.

मग सलाईन, पाणी, गोळ्या बंद. तो बायकोशी एक अक्षर बोलेना. समोर उभं राहून ती प्यायला लावायची. तो औषधासारखा एकेक घोट घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. सोमवार असाच गेला.

मंगळवारी काका यंत्रावर गेले आणि तिथूनच अतिदक्षता विभागात. त्यांची खाट झाडून चादर बदलली. चिकटपट्टीचा ग्लास मात्र खिडकीत राहून गेला. वरचा दुपारभर त्याच्याकडे बघत होता. मग पाण्याच्या जगाकडे आपणहून हात नेला.

आकडा पहिल्या जागी आला, तेव्हा गुरुवारी तपासणी झाली. रंग अगदी थोडा घातला, अर्धा कप चहाहूनही कमी. एक नळी जराशी तुंबलेली, गोळ्यांवर भागेल असं निघालं. पण खरी धाकधूक पुढेच होती. शुक्रवारी आकडा पुन्हा चढला.

“उद्या बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

शनिवारी आकडा तेवढाच होता. “थांबलाय. उतरेल असं वाटतं, पण शब्द देत नाही. आठवड्यानं पुन्हा रक्त. आणि त्या पेटीतली गोळी पुन्हा तोंडात टाकायची नाही.”

त्या गेल्यावर तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायकोशी बोलला. “आता वर दुसरा बसला असेल.”

“बसू दे.”

“तोसुद्धा पाणी पीत नसेल. मीच शिकवलंय त्याला.”

सिस्टर खिडकीतला ग्लास उचलायला आली.

“काका कसे आहेत?” त्यानं विचारलं.

सिस्टरनं मान हलवली, ना हो ना नाही, आणि ग्लास घेऊन गेली.

“अगं,” तो म्हणाला, “माझा ग्लास काठोकाठ भर.”

तिनं भरला. तो पीत होता आणि ती खाटेखालच्या लघवीच्या भांड्याकडे बघत होती.